आतड्यातले जिवाणू बिघडल्यामुळे आमवात होतो का? तपासणी करून घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय की चार वर्षांपासून ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणजे आमवात आहे, मेथोट्रेक्सेट आणि सल्फासालाझिन चालू आहे. आता कुणीतरी सांगितलंय की दुखण्याचं मूळ सांध्यात नसून पोटात आहे, शौचाची जिवाणू-तपासणी करा, प्रोबायोटिक (म्हणजे जिवंत जिवाणूंची पुडी) सुरू करा, गोळ्या सुटतील.

आतड्यातल्या जिवाणूंचा आणि तुमच्या आजाराचा काही संबंध असण्याची शक्यता बरीच आहे. गोळ्या सुटतील हे मात्र आज कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही. जो सांगतोय त्याच्यापासून चार हात लांब राहा.

मी डॉक्टर नाही. मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, म्हणजे मोठ्या आतड्याला आतून सूज येते, जखमा होतात. नऊ वर्षं झाली. तुमचा प्रश्न मला पहिल्याच वर्षी पडला होता, आणि माझं तर दुखणंच त्या जिवाणूंच्या घरातलं.

ती तपासणी मी केली आहे. एक नाही, दोनदा, आणि एकाच दिवशी. दोन किट मागवले, एक माझ्या नावावर, एक बायकोच्या. सकाळच्या एकाच नमुन्यातून दोन्ही नळ्या भरल्या आणि एकाच कंपनीला धाडल्या. माझ्या नावाचा अहवाल म्हणाला, जिवाणूंची विविधता कमी, सुधारणेला वाव आहे. बायकोच्या नावाचा म्हणाला, विविधता उत्तम. कोणते पदार्थ टाळावेत याच्या दोन याद्या आल्या, त्याही एकमेकींशी न जुळणाऱ्या. बायकोने एवढंच विचारलं, ‘माझं पोट तुझ्यापेक्षा चांगलं कसं?’

यात सगळा दोष त्या कंपनीचाच असेल असं नाही. शौचाच्या एका टोकाला जे जिवाणू असतात ते दुसऱ्या टोकाला त्याच प्रमाणात असतात असं नाही. काही जिवाणूंची भिंत चिवट असते, ती नीट फुटली नाही तर त्यांचा डीएनए मोजणीत येतच नाही. आणि मुख्य म्हणजे रक्तातल्या साखरेसारखी ‘एवढं ते एवढं म्हणजे निरोगी’ अशी मान्य मर्यादाच इथे नाही. मग उत्तम आणि वाईट ठरवायचं कशावरून?

तरीही शक्यता बरीच आहे असं मी म्हणतो, कारण आतड्याच्या आतलं अस्तर फक्त एका पेशीइतक्या जाडीचं आहे. अलीकडे अब्जावधी जिवाणू, पलीकडे प्रतिकारशक्तीच्या पेशींची छावणी. आपल्याला न पचणारा चोथा मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार होतं. अस्तराच्या पेशी मुख्यतः त्यावरच जगतात. शिवाय प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या पेशी वाढायलाही ते मदत करतं, हे उंदरांमध्ये दिसलेलं आहे. आमवात म्हणजे हा आवर सुटलेला आजार. तेव्हा दोन टोकं जुळतील असं वाटणं काही खुळेपणाचं नाही.

तुमच्या आजारावरचा गाजलेला अभ्यास 2013 चा, न्यूयॉर्कचा. नुकताच आमवात झालेले, अजून औषध सुरू न केलेले 44 रुग्ण घेतले, त्यातल्या 33 जणांच्या शौचात प्रेव्होटेला कोप्री नावाचा जिवाणू सापडला. निरोगी लोकांत तो साधारण पाचातल्या एकाकडे होता. हे वाचून मीही ताठ बसलो होतो. पण पुढे वाचा: जुना आजार असलेल्या, औषधं घेणाऱ्या रुग्णांत तो विशेष आढळलाच नाही, म्हणजे तुमच्यासारख्यांत. आणि ज्या निरोगी लोकांत तो होता त्यांचे सांधे ठणठणीत. त्याने आजार आणला, की आजाराच्या सुरुवातीच्या दाहात त्याचं फावलं? एकदाच घेतलेल्या नमुन्यावरून हे कळायला मार्ग नाही.

खरी गोम इथेच आहे. 2016 मध्ये बेल्जियममधल्या हजाराहून जास्त लोकांचे नमुने तपासले, तेव्हा माणसामाणसांतल्या फरकाशी सगळ्यात जास्त जुळणारी गोष्ट निघाली ती म्हणजे शौच किती घट्ट आणि किती पातळ! आजार उसळला की मी दिवसाला आठ वेळा पळतो. माझे जिवाणू इतरांपेक्षा वेगळे निघाले तर नवल ते काय? मधुमेहाचंही असंच झालं. टाइप 2 मधुमेहींच्या जिवाणूंचा म्हणून जो ठसा सांगितला जात होता, त्यातला बराचसा मेटफॉर्मिन या गोळीचा आहे, असं 2015 मध्ये दाखवलं गेलं. आजारी माणूस वेगळं खातो, कमी हालतो, औषधं घेतो. या प्रत्येक गोष्टीने जिवाणू बदलतात.

मग लोक उंदरांचा दाखला देतात: रुग्णाचे जिवाणू उंदरात सोडले आणि उंदीर आजारी पडला. अशा 38 अभ्यासांचा 2020 मध्ये कुणीतरी एकत्र आढावा घेतला, तर 36 मध्ये माणसाचा आजार उंदरात ‘उतरला’ होता. इतके वेगवेगळे आजार, आणि जवळपास दर वेळी यश? आढावा घेणाऱ्यांनाही ते पचलं नाही.

माणसांत जिथे पक्कं सिद्ध झालंय ती जागा म्हणजे क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल. अँटिबायोटिकने आतडं ओस पडतं आणि हा एकच जंतू तणासारखा माजतो, जुलाब थांबत नाहीत. 2013 मध्ये नेदरलँड्समध्ये निरोगी माणसाच्या शौचाचं द्रावण 16 रुग्णांच्या आतड्यात नळीने सोडलं, 13 जण पहिल्याच खेपेला बरे झाले. नुसतं व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक दिलेल्या 13 पैकी 4. माझ्या आजारावर तोच उपाय ऑस्ट्रेलियात करून पाहिला (2017): आठ आठवडे, आठवड्यातून पाच दिवस एनिमा. 27 टक्के लोकांना आराम पडला, खोट्या द्रावणाने 8 टक्क्यांना. काहीतरी आहे, पण जादू नाही. आणि हे घरी करायचा विचार कुणाच्या डोक्यात असेल तर: 2019 मध्ये अमेरिकेत अशा द्रावणातून औषधांना दाद न देणारा ई. कोलाय हा जिवाणू जाऊन एक रुग्ण दगावला होता, तोही रीतसर संशोधनाच्या देखरेखीखाली.

‘मूळ पोटात आहे’ ही कल्पना तशी जुनीच. शंभरएक वर्षांपूर्वी लंडनचे सर्जन आर्बथनॉट लेन शरीरात विष भिनतं म्हणून लोकांची मोठी आतडी कापून काढत. संधिवातवालेही त्यातून सुटले नाहीत.

आता तुमच्या दुसऱ्या गोळीकडे या. सल्फासालाझिन मीही घेतो. मला आतड्यासाठी, तुम्हाला सांध्यांसाठी, गोळी एकच. ती 1940 च्या सुमारास स्वीडनच्या डॉ. नान्ना स्वार्ट्झ यांनी बनवून घेतली, आणि तीही आमवातासाठीच, कारण हा आजार जंतूंमुळे होतो अशी त्यांची समजूत होती. म्हणून त्यांनी जंतू मारणारं सल्फापायरिडिन आणि सूज उतरवणारं सॅलिसिलेट एकाला एक जोडलं. तो जोड आपल्याला तोडता येत नाही. तो तोडतात मोठ्या आतड्यातले जिवाणू. जिवाणूविरहित वाढवलेल्या उंदरांना हे औषध दिलं तेव्हा ते तुटलंच नाही, हे 1972 मध्ये दिसलं. म्हणजे तुमचे जिवाणू गेली चार वर्षं तुमच्या आमवातावर काम करतच आहेत.

तेव्हा तपासणीचे पैसे वाचवा. प्रोबायोटिकबद्दल: मेथोट्रेक्सेटने प्रतिकारशक्ती दबलेली असते, त्यामुळे जिवंत जिवाणूंची कोणतीही पुडी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. कडधान्यं, भाज्या, अख्खं धान्य पोटाला मानवेल तितकं वाढवा, एकदम नको, गॅसने हैराण व्हाल. दुसऱ्या कुठल्या कारणासाठी कुणी अँटिबायोटिक लिहून दिलं, तर या दोन्ही गोळ्यांची नावं तिथल्या तिथे सांगा. मेथोट्रेक्सेटबरोबर काही अँटिबायोटिक चालतच नाहीत, आणि जोड तोडणारे जिवाणूच मेले तर सल्फासालाझिनचं काय होतं ते वर आलंच. आणि मेथोट्रेक्सेट मनाने बंद करू नका. मी एकदा बरं वाटतंय म्हणून माझ्या गोळ्या बंद केल्या होत्या. सातव्या आठवड्यात रक्त पडायला लागलं.