मागे खोली वाढवताना मधली खोली अंधारात जाऊ देऊ नका

प्रश्न : ताई, सहकारनगरमधला आमचा बंगला सासऱ्यांनी 1972 साली बांधला. फक्त तळमजला, दगडी भिंतींचा. प्लॉट 50 बाय 80 फूट, रस्ता पूर्वेला. पुढे हॉल आणि दोन बेडरूम. मागच्या बाजूला ओळीने दक्षिणेकडून स्वयंपाकघर, मधली खोली आणि न्हाणीघर-संडास. मागच्या भिंतीपासून कंपाउंडपर्यंत 31 फूट मोकळं परसू आहे. स्वयंपाकघराच्या मागे दहा-बारा फुटांवर सासऱ्यांनी लावलेला आंबा आहे.

मुलाचं लग्न पुढच्या वैशाखात ठरलं आहे. त्याच्यासाठी मागे अटॅच्ड बाथरूमची खोली काढायची आहे आणि स्वयंपाकघरही मोठं करायचं आहे. कंत्राटदार म्हणतो, मागची पूर्ण 30 फुटांची भिंत धरून 12 फूट बाहेर या, वर एकच स्लॅब टाकू, सगळ्यांत स्वस्त पडेल. आंबा मात्र काढावा लागेल. यजमानांना हे पटलं आहे. नणंद म्हणतात, एवढं करताच आहात तर स्वयंपाकघर आग्नेयेला न्या. सासूबाई 79 वर्षांच्या आहेत. गेल्या वर्षी खुब्याचं ऑपरेशन झालं, आता वॉकरने चालतात. त्या मधल्या खोलीत झोपतात. रात्री संडासला जाताना वॉकर उंबऱ्याशी ठेवतात आणि भिंत धरून आत जातात. हाताने काढलेला नकाशा सोबत पाठवते आहे. मार्गदर्शन करावं.
– एक वाचक, सहकारनगर, पुणे

उत्तर : तुमच्या नकाशात मी सगळ्यांत आधी मधल्या खोलीची खिडकी शोधली. ती एकच आहे, पश्चिमेच्या भिंतीत, मागच्या दाराशेजारी. कंत्राटदार म्हणतो तसं भिंतीला भिंत लावून 12 फूट बाहेर आलात, की ती खिडकी नव्या खोलीत उघडणार. म्हणजे ती खिडकी राहणारच नाही. तुमच्या घरातली सगळ्यांत जास्त वापरातली खोली भर दुपारी दिवा लावून बसायची खोली होईल. पावसाळ्यात तिथे ओलसर वास धरेल, कपाटातल्या कपड्यांना बुरशी येईल. पुण्यातल्या जुन्या बंगल्यांची वाढीव कामं मी वर्षानुवर्षं करते आहे आणि अशा बुजलेल्या मधल्या खोल्या मी फार पाहिल्या आहेत. प्रभात रोडवरच्या एका घरात तर अशा खोलीत बसून आजोबा सकाळी दहा वाजता ट्यूबलाइटखाली पेपर वाचत होते. मागची नवी खोली प्रशस्त होती, उजेडाची होती आणि दिवसभर कुलूपबंद असायची, कारण ती ज्यांच्यासाठी बांधली ते दोघंही नोकरीला जात.

म्हणून माझं म्हणणं असं की नवी खोली किती मोठी, हा प्रश्न नंतर. ती ज्या जुन्या खोलीला टेकणार, त्या खोलीचं काय होणार, हे आधी ठरवा.

पेठांमधले वाडे आठवा. दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबाग वाडा तर आजही जाऊन बघता येतो. घर वाढत गेलं तरी मध्ये चौक राखायचा आणि चारी बाजूंच्या खोल्यांनी त्यातून उजेड-वारा घ्यायचा, ही रीत आपल्या गावात मुरलेली आहे. तुम्हाला एवढा मोठा चौक नको. मधल्या खोलीच्या खिडकीसमोर साडेसात-आठ फूट रुंदीची जागा उघडी ठेवलीत तरी पुरे.

मी अशी आखणी करीन. वाढीव बांधकाम फक्त उत्तरेकडे, न्हाणीघराच्या मागे. जुन्या न्हाणीघराला लागून नवं संडास-बाथरूम, त्याच्या मागे 12 बाय 13 ची खोली. या खोलीत जायला नव्या बाथरूमच्या दक्षिणेने साडेतीन फुटांचा बोळ. तो बोळ सुरू कुठून होईल? मधल्या खोलीच्या मागच्या दारातून. ते दार आहेच! दगडी भिंत कुठेही फोडावी लागत नाही, आणि ही या आखणीतली सगळ्यांत मोलाची गोष्ट आहे. तुमच्या घराचं छप्पर त्या भिंतींवर उभं आहे. तिथे ‘हॉल मोठा दिसेल’ म्हणून मोठं भगदाड पाडणं हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने येऊन बघितल्याशिवाय कुणीही करू नये. बोळाच्या चौकाकडच्या बाजूला खिडक्या आणि परसात उतरायला एक दार ठेवा. जुन्या न्हाणीघराची उत्तरेची खिडकी शाबूत राहते. मागे साधारण दहा फूट जागा उरते आणि आंबाही उभा राहतो.

आंब्याबद्दल दोन वाक्यं स्पष्ट लिहिते. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 प्रमाणे महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी न घेता झाड तोडता येत नाही, स्वतःच्या आवारातलं असलं तरी. आणि परवानगी मिळाली असती तरी मी तोडू नका असंच सांगितलं असतं. एप्रिल-मे महिन्यात दुपारी तीननंतर पश्चिमेचं ऊन तुमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर येतं, ते आज हा आंबा अडवतो आहे.

आता खोली कुणाची, याकडे येते. तुम्ही ती मुलासाठी म्हणता. पण मागच्या खोलीत जायची वाट मधल्या खोलीतून आहे. सासूबाई तिथेच राहिल्या तर नवं जोडपं रात्री-अपरात्री त्यांच्या पलंगाला वळसा घालून जाणार. त्यांनाही अवघड, सासूबाईंनाही अवघड. तुमच्या पत्रातलं सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य तुम्ही शेवटी लिहिलं आहे : वॉकर उंबऱ्याशी ठेवून भिंत धरून आत जातात. घरात अटॅच्ड बाथरूमची गरज आज खरोखर कुणाला असेल, तर ती त्यांना आहे. ती खोली त्यांना द्या. मधली खोली जेवणाची आणि बसण्याची करा, म्हणजे आजींच्या खोलीत येणं-जाणंही राहील आणि त्या एका टोकाला पडल्या असं होणार नाही. मुलाची आताची खोली तुमच्या नकाशात 11 बाय 12 आहे, दोघांना ती पुरते. न्हाणीघर आणि संडास जुन्या पद्धतीने वेगवेगळे आहेत, तसेच ठेवा. सकाळी चार माणसांना एका अटॅच्डपेक्षा हे दोन वेगळे दरवाजे जास्त कामाला येतात. फक्त वॉश बेसिन बाहेर काढा. आणि होणाऱ्या सुनेला एकदा घरी बोलावून हा नकाशा दाखवा. ती इथे राहायला येणार आहे, तिचं मत बांधकामाआधी कळलेलं बरं. वीस वर्षांनी ही मागची खोली तुमच्याच उपयोगाची असेल, त्या दृष्टीनेही ती आत्ताच नीट करा.

या बाथरूमवर मी जरा जास्त लिहिते, कारण इथे इंचाइंचाने फरक पडतो. दार तीन फुटांचं, आणि बाहेर उघडणारं किंवा सरकतं. आत माणूस पडलं आणि दार आत उघडणारं असलं, तर पडलेल्या माणसामुळेच दार उघडत नाही. कडी बाहेरूनही उघडता येईल अशी. उंबरा नको. खोलीच्या फरशीपेक्षा बाथरूमची फरशी अर्धा इंच खाली असली तरी बास, पाणी अडवायचं काम फरशीच्या उताराने करायचं. खुब्याच्या ऑपरेशननंतर खाली वाकून बसणं वाईट, म्हणून कमोडची बैठक जमिनीपासून 17 ते 18 इंच. कमोडशेजारी आणि शॉवरपाशी स्टीलचे धरायचे दांडे, सुमारे अडीच ते पावणेतीन फूट उंचीवर. दांडा ज्या भिंतीवर बसणार ती भरीव विटांची हवी, पोकळ ब्लॉकच्या भिंतीत तो ओढला की निघून येतो. फरशी खरखरीत. बटण पलंगावरून हाताला येईल असं, आणि पलंगापासून कमोडपर्यंत रात्रभर जळणारा एक लहान दिवा.

नव्या खोलीची फरशी जुन्या फरशीच्या पातळीतच यायला हवी. गवंडी जोत्याची उंची जुळवतात आणि वरचा मसाला व टाइल्स धरायला विसरतात, मग दाराशी दीड इंचाची पायरी तयार होते. वॉकरला तेवढीही पुरते अडखळायला. जुन्या तयार फरशीवरून लेव्हल घ्या आणि मिस्त्रीसमोर भिंतीवर खूण करून ठेवा.

ड्रेनेजचं आधी बघा. न्हाणीघराचे चेंबर बहुधा मागेच असतील, म्हणजे नव्या खोलीखाली येणार. खोलीच्या आत चेंबर ठेवू नका, उत्तरेच्या साइड मार्जिनमध्ये, म्हणजे घर आणि कंपाउंडमधल्या मोकळ्या जागेत हलवा. जुन्या चेंबरची खोली मोजा. चार इंची पाइपला दर पाच फुटांना किमान एक इंच उतार लागतो, वीस फुटांत चार इंच. तेवढा उतार मिळत नसेल, तर बाथरूमची जागा बदलायची वेळ कागदावर असतानाच आहे.

एकच स्लॅब टाकू, हे कंत्राटदाराचं म्हणणं मला मान्य नाही. पन्नास वर्षांत जुनं घर बसायचं तेवढं बसलं आहे. नवा पाया अजून बसणार आहे. दोन्ही एकमेकांत बांधलेत, की जोडावर तडा जाणार आणि पहिल्याच पावसात तिथून पाणी येणार. नव्या बांधकामाचे कॉलम, बीम, स्लॅब स्वतंत्र ठेवा, मध्ये इंचभराचा जॉइंट सोडा आणि वरून तो पत्रा वाकवून नीट झाका. तळजाईच्या पायथ्याशी मुरूम बहुधा लवकर लागतो, तरी खड्डा घेऊन खात्री करा. काळ्या मातीवर पाया नको. जुन्या भिंतीलगत खोदताना जुन्या पायाच्या खाली जाऊ नका.

स्वयंपाकघर बारा फूट वाढवायची गरज मला दिसत नाही. तुमची अडचण ओट्याची नाही, भांडी घासायला, वॉशिंग मशीनला आणि सिलिंडरला जागा नाही ही आहे. मागे पाच फुटांची हलकी पडवी काढा, पत्र्याची, पातळ खांबांवर, म्हणजे आंब्याच्या मुळांना धक्का लागत नाही. ही कामं तिथे गेली की आतला ओटा मोकळा होईल. नणंदेचं समाधानही होऊ शकेल : आहे त्याच स्वयंपाकघराच्या आग्नेय कोपऱ्यात शेगडी ठेवा, शेजारी दक्षिणेची खिडकी आहे, धूर जाईल. घरच पुढून मागे फिरवू नका.

नव्या खोलीची मोठी खिडकी उत्तरेला. तिलाही दोन फुटांचा छज्जा हवा. पुण्यात साधारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. पश्चिमेची भिंत नऊ इंची, आतून तिला कपाटं लावा, खिडकी लहान.

कागदपत्रांचं थोडक्यात. सोसायटीचा प्लॉट असेल तर ना हरकत पत्र, मिळकत पत्रिका, 1972 चा मंजूर नकाशा, आणि परवानाधारक आर्किटेक्टमार्फत महापालिकेत अर्ज. किती मार्जिन सोडायचं आणि किती एफएसआय (प्लॉटच्या प्रमाणात करता येणारं बांधकाम) उरला आहे, हे डिसेंबर 2020 मध्ये लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावलीप्रमाणे, तुमच्या प्लॉटच्या आकारावर आणि समोरच्या रस्त्यावर ठरेल. वरची मापं त्यात बसतात का ते आर्किटेक्टकडून तपासून घ्या. पावसाळ्यात परवानगीचं काम उरका आणि दसऱ्याच्या सुमारास खोदाई सुरू करा, म्हणजे वैशाखाआधी गिलावा वाळायलाही वेळ मिळतो.

त्याआधी एक करा. परसात फक्कीने ही आखणी खऱ्या मापात मारा. बोळ, बाथरूम, पलंग, दार, सगळं. आणि सासूबाईंना वॉकरसह त्यातून चालवून बघा. वळताना वॉकर रेघेबाहेर गेला, तर बोळ चार फुटांचा करा.

प्रश्न : कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. बाल्कनी आत घेऊन, मधली भिंत काढून मुलींची खोली मोठी करायची आहे. बाल्कनीच्या कठड्यावर विटांची भिंत चढवली तर चालेल का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : नाही. पुढे आलेली बाल्कनी बहुधा एकाच बाजूने धरलेली असते आणि विटांच्या भिंतीचं वजन नेमकं तिच्या मोकळ्या टोकावर येतं. ते वजन घ्यायला ती बांधलेली नसते. मधली भिंतही बीमखालची साधी भिंत आहे की आणखी काही, हे नकाशावरून इंजिनिअरच सांगेल. मंजूर नकाशात बाल्कनी म्हणून दाखवलेली जागा परस्पर खोलीत घेतलीत, तर महापालिका आणि सोसायटी दोघांचीही हरकत येऊ शकते.

मुलींना जागा कशासाठी हवी आहे, ते मला पत्रात सापडलं नाही. अभ्यासासाठी असेल, तर बाल्कनीतच दाराशेजारी दोन फूट रुंद घडीचं टेबल भिंतीला लावा. पावसाची झड येते त्या बाजूला गुंडाळता येणारा पडदा बसवा. झोपायला असेल तर खोलीत एकावर एक पलंग. दोन्हींतही बाल्कनीचं दार आणि उजेड जिथल्या तिथे राहतो. खोलीची मापं पाठवा, पुढच्या अंकात पलंगाची नेमकी जागा सुचवते.