चिनी व्यवस्थापनाचा अभ्यास कुठून सुरू करावा?

आपण या विषयाकडे वळलात, याचा मनापासून आनंद आहे. सुरुवातीला मात्र अनेक कंपन्यांमागे न धावता हायर या घरगुती उपकरणे बनवणाऱ्या एकाच चिनी कंपनीचा अभ्यास करावा. तिचे तत्कालीन प्रमुख झांग रुईमिन यांनी २००५ मध्ये मांडलेल्या विचारातून तिथे पुढे मधल्या व्यवस्थापकांची उतरंड मोडून लहान, स्वायत्त गट उभे राहिले. आणि २०१६ मध्ये हायरने जीई अप्लायन्सेस ही अमेरिकी कंपनी विकत घेतल्यावर हीच पद्धत अमेरिकेतही रुजली, म्हणून पाश्चात्त्य उद्योगांसाठी हे उदाहरण मला सर्वांत मोलाचे वाटते.

दोन चुका टाळाव्यात:

- गट पाडून निर्णय, नेमणूक आणि मोबदल्याचे अधिकार वरच ठेवणे.
- चिनी कंपन्यांच्या वेगाचे श्रेय जादा तासांना देणे. सकाळी नऊ ते रात्री नऊ, आठवड्याचे सहा दिवस राबवणे चीनच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०२१ मध्ये बेकायदा ठरवले आहे.

हे स्वायत्त गट आपसात जे करार करतात, त्यांचे तपशील सध्या बाजूला ठेवावेत.