तोंडी गोष्ट सांगणारे कलाकार आजही आहेत का? आणि इतकं सगळं त्यांना पाठ कसं राहतं?

प्रश्नाचा दुसरा भाग आधी घेते, कारण गैरसमज तिथेच आहे. पाठ नसतं. निदान आपण पाढे पाठ करायचो तसं तर नाहीच.

मी बडोद्याची. दिवसा बँकेत नोकरी, आणि बोलावणं आलं की संध्याकाळी कीर्तनाला पेटीची साथ. याला आता 22 वर्षं झाली. नारदीय कीर्तनात पूर्वरंगाला अभंगाचं निरूपण, मग बुक्का, हार, नामजप, आणि उत्तररंगात आख्यान. आमच्या एका बुवांच्या सुदामचरित्राला मी वीसेक वेळा तरी साथ केली असेल, पण दोनदा सारखं ऐकलेलं नाही. साकी, दिंडी, कटाव ही ठरलेल्या चालींची पद्यं जागच्या जागी असतात. मधली गोष्ट मात्र समोर कोण बसलंय त्यावर ठरते. पुढे पोरं असली की पोह्यांची पुरचुंडी सुटता सुटत नाही. आज्या जास्त असल्या की सुदाम्याची बायकोच बोलत राहते. मला बुवांच्या आवाजाचा कल ओळखून सूर धरायचा असतो. चुकले तर ते गाता गाताच डोळ्यांनी झापतात.

मिलमन पॅरी या अमेरिकन अभ्यासकाने 1930 च्या दशकात युगोस्लाव्हियात जाऊन गुस्ले या एकतारी वाद्यावर वीरगाथा गाणाऱ्यांची ध्वनिमुद्रणं केली. त्यांतला आव्दो मेजेदोविच हा शेतकरी, लिहितावाचता न येणारा. त्याची एक गाथा 12 हजार ओळींच्या वर गेली. पॅरीने मग एक गंमत केली. आव्दोने कधीच न ऐकलेली गाथा दुसऱ्या गायकाकडून त्याच्यासमोर गाऊन घेतली आणि लगेच म्हटलं, आता तू गा. त्याने ती जवळजवळ तिप्पट करून गायली. किर्गिझस्तानात सायाकबाय कारालायेव यांच्या तोंडून उतरवून घेतलेलं 'मानस' हे वीरकाव्य तर पाच लाख ओळींचं आहे. सांगाडा पक्का असतो, घोडा सजवणं, सभा भरणं, युद्धाला निघणं यांचे ठरीव तुकडे जिभेवर असतात, बाकीचं तिथल्या तिथे घडतं.

आता आहेत का कुणी, तर आहेत. माझ्या गावापासूनच सांगते.

आख्यानकवी प्रेमानंद 17 व्या शतकातले, बडोद्याचे. बडोद्याचा इतिहास पिलाजीराव गायकवाडांपासून सुरू होतो असं आमच्या मराठी मंडळींना वाटतं, म्हणून मुद्दाम सांगते की हे त्यांच्याही आधीचे. 'नळाख्यान'मध्ये ते स्वतःच सांगतात की पोटासाठी सुरत आणि नंदरबार गाठावं लागलं. नंदरबार म्हणजे आपलं नंदुरबार! त्यांची आख्यानं गाणारे ते माणभट्ट. माण म्हणजे अरुंद तोंडाची, मोठ्या पोटाची धातूची घागर. ती पुढ्यात घेऊन, बोटांतल्या अंगठ्यांनी तिच्यावर ताल धरत गोष्ट गायची. बडोद्याच्या धार्मिकलाल पंड्यांनी ही कला आपल्या काळापर्यंत आणली. प्रेमानंदांचंही सुदामचरित्र आहे. त्यात कृष्ण धावत सुटतो आणि हा कोण आलाय म्हणून राण्यांची कुजबुज चालते. आमच्या बुवांना हे मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "माहितीय, मी त्यातलंच घेतो." बडोद्यात राहायचं तर एवढी उसनवारी चालतेच.

लहानपणी चैत्रात शेजारच्या गुजराती आजींकडे, म्हणजे बांकडे, 'ओखाहरण' हे आख्यान वाचायला बसायचे. बाणासुराची मुलगी उषा, तीच ही ओखा. मला गुजराती जेमतेम कळायचं. माझं काम एकच, बा थांबल्या की "हं" म्हणायचं. मी पेंगले की बा वाचन थांबवून माझ्याकडे बघत बसायच्या.

इतकी वर्षं पेटीमागे बसून माझं मत झालंय की गोष्ट टिकते ती या "हं"वर. राजस्थानात म्हणच आहे, बात में हुंकारो, फौज में नगारो. छत्तीसगडच्या पंडवानीत, म्हणजे महाभारताच्या कथागायनात, हुंकार द्यायला मुद्दाम 'रागी' नावाचा साथीदार असतो. पंडवानी गाणाऱ्या तीजनबाईंनी 13 व्या वर्षी शेजारच्या गावात 10 रुपयांवर पहिला कार्यक्रम केला. बायकांनी बसून गायचं अशी रीत असताना त्या उभ्या राहून गायल्या. त्यांच्या हातातला तंबुरा कधी भीमाची गदा व्हायचा, कधी अर्जुनाचं धनुष्य. पण त्या एवढ्या आवेशातही रागीच्या प्रश्नासाठी थांबायच्या. 2019 साली त्यांना पद्मविभूषण मिळालं.

कोरियात पानसोरी आहे. एक गाणारा, एक ढोलवाला, हातात पंखा, आणि तासन् तास चालणारी कथा. पूर्वीच्या बारा कथांपैकी आता पाचच उरल्यात. तिथे ढोलवाला आणि प्रेक्षक मधेमधे "ओल्सिगु!", "चोता!" असे ओरडतात, जशी आपली "वा बुवा". पश्चिम आफ्रिकेत माली-गिनीकडचे ग्रिओ, म्हणजे पिढीजात कथागायक, गातात तेव्हा शेजारचा माणूस ओळीओळीला "नामू" म्हणतो. आपल्या 'नामा'शी याचा संबंध नाही, तरी कीर्तनवाल्यांना ऐकून हसू येतंच.

दास्तानगोईचं, म्हणजे उर्दूत लांबलचक गोष्ट सांगण्याच्या कलेचं, तर जास्तच बोलकं आहे. दिल्लीचे मीर बाकर अली 1928 मध्ये गेले आणि धागा तुटला. अमीर हम्जा या वीराच्या दास्तानाचे छापील खंडच्या खंड शिल्लक होते, सांगणारा मात्र कुणी नव्हता. 2005 मध्ये महमूद फारुकींनी ती पुन्हा उभी केली, तेव्हा मंचावर एकाऐवजी दोघांना बसवलं. एक सांगतो, दुसरा उचलून धरतो.

आणि हुंकार नसला की काय होतं तेही पाहिलंय. दोन वर्षांपूर्वी एका सोसायटीच्या हॉलमध्ये कीर्तन होतं. पहिल्या रांगेत नऊ मोबाईल उभे. बुवा म्हणाले, "बोला पुंडलीक वरदा," तर उत्तर आलं ते फक्त पखवाजवाल्याचं आणि माझं. आपला आवाज रेकॉर्डिंगमध्ये येईल म्हणून सगळे गप्प. त्या दिवशी सुदामा पंचवीस मिनिटांत द्वारकेहून परत आला. रेकॉर्डिंग सुंदर झालंय म्हणे, मी ऐकलेलं नाही.

ऐकायचंच असेल तर इराणची नक्काली, मराकेशच्या जेमा अल-फना चौकातले कथेकरी, जपानचं राकुगो यांचे व्हिडिओ सापडतील. तमिळनाडूत हरिकथा, म्हणजे तिकडचं कीर्तन, ऐका. 19 व्या शतकात मराठी कीर्तनकार मोरगावकरबुवा तंजावरला गेले, तेव्हापासून साकी-दिंडी तिकडे रुळल्या आहेत. भाषा कळली नाही तरी चाल कानाला ओळखू येते. आधी मात्र घराजवळच्या देवळात चातुर्मासात चौकशी करा आणि पुढच्या रांगेत बसा. बडोद्याला आलात आणि पेटीवर मी दिसले, तर "हं" जरा मोठ्याने म्हणा. आमच्या बुवांना हल्ली पखवाजापलीकडचं कमी ऐकू येतं.