शर्ली जॅक्सन यांच्या ‘द लॉटरी’ कथेत गावकरी दगड का मारतात?

कारण ‘आधीपासून चालत आलंय’ यापलीकडे त्यांच्याकडे कारणच नाही. १९४८ सालची ही कथा. गावात दरवर्षी चिठ्ठ्या काढतात आणि काळा ठिपका ज्याच्या चिठ्ठीवर निघेल त्याला सगळे मिळून दगडांनी ठार मारतात. चिठ्ठ्यांची मूळ पेटी केव्हाच हरवलीय, विधीतलं बरंचसं विसरलंय, पण दगड मारायचे एवढं पक्कं लक्षात आहे. यंदा काळा ठिपका टेसी या गावातल्याच बाईच्या चिठ्ठीवर निघतो आणि तिच्याच लहानग्या डेव्हीच्या हातात कुणीतरी खडे देतं. तिथे मी दरवेळी थांबते. आणि टेसीही हसतखेळतच आलेली असते. अन्याय झाला म्हणून ओरडते ती पाळी स्वतःच्या घरावर आल्यावर. आम्हा नाशिककरांना हे परकं वाटू नये. काळाराम मंदिर सत्याग्रहात १९३० च्या रामनवमी उत्सवातल्या रथयात्रेत, रथ ओढण्यावरून सत्याग्रहींवर दगडच पडले होते.