घरी दोन लहान मुलं आहेत. ट्रेकिंगच्या कपड्यांचं छोटं ऑनलाइन दुकान घर सांभाळून चालवता येईल का? भांडवल किती लागेल?

येतं. मी नाशिकला राहते आणि बायकांच्या ट्रेकिंग पँट स्वतःच्या वेबसाइटवरून विकते. सुरू केलं तेव्हा मुलगी दुसरीत होती आणि धाकटा अजून अंगणवाडीतही जात नव्हता. त्यामुळे जमतं की नाही यावर मला वाद घालायचा नाही. पण माझ्या मोठ्या दिरांनी रेडिमेडचं दुकान टाकलं तेव्हा त्यांचीही मुलं लहानच होती, आणि ‘घर सांभाळून जमेल का?’ असं त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मला मात्र सगळ्यांनी विचारलं, सगळ्यात आधी त्यांनीच. म्हणून तुमचा प्रश्न वाचल्यावर गप्प बसवेना.

भांडवलाच्या आधी वेळ ठरवून घ्या, आणि तो घरातल्या सगळ्यांसमोर ठरवा. सकाळी दहा ते एक मी कामावर असते. त्या वेळात गॅसवाला आला, शाळेचा फोन आला, पाहुणे आले तरी ते दुसरं कुणीतरी बघतं. ‘मुलं झोपली की करीन’ या बोलीवर सुरू झालेली मैत्रिणींची दुकानं मी बंद पडताना पाहिली आहेत. रात्री अकरा वाजता फोटो टाकता येतात, पण कटिंग मास्तर सकाळीच भेटतो, कापडाचा व्यापारी दुपारी फोन उचलतो आणि कुरिअरचा मुलगा संध्याकाळच्या आत येऊन जातो.

दुसरं, एकच वस्तू घ्या. मी पँट घेतली, कारण बाजारात बायकांसाठी जे मिळत होतं ते एकतर जिमसाठीचं पातळ लेगिंग, नाहीतर पुरुषांच्याच पँटचा लहान साइज. कमरेला ढिली, मांडीला घट्ट, लांबीला चार बोटं जास्त, आणि खिसा असा की फोन ठेवून कळसूबाईची शिडी चढले तर तो बाहेर पडेल. कळसूबाई १६४६ मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर, आणि आम्हा नाशिककरांना घरचंच. तिथे पावसाळ्यात ओल्या खडकावरून बसून घसरत उतरणाऱ्या बाया मी दर वर्षी पाहते. कपड्याला खरा मार बसतो तो बुडाला, गुडघ्याला आणि आसनात, म्हणजे दोन पायांच्या मधे जिथे शिवणी एकत्र येतात तिथे. करवंदीची जाळी पोटरीला ओरबाडते ती वेगळीच.

आसनाचं एवढं का सांगतेय, ते आता लिहिते.

पहिल्या पावसाळ्यात पुण्याच्या एका महिला ट्रेकिंग ग्रुपची चाळीसेक पँटची ऑर्डर आली. शनिवारी त्या हरिश्चंद्रगडाला निघणार, म्हणजे पार्सल बुधवारी नाशकातून निघायलाच हवं होतं. शिलाई मी एका जॉबवर्कवाल्याकडे दिली होती. नमुन्याच्या पँटला आसनात मियानी होती. सलवारीला लावतात तशीच, चौकोनी तुकडा तिरपा बसवलेला, म्हणजे पाय वर टाकताना ताण चार शिवणींच्या एका टोकावर येत नाही. ट्रेकिंगच्या पँटचा जीव तिच्यात असतो. माल रविवारी सकाळी आला. मी प्रत्येक लॉटमधली एक पँट स्वतः घालून गच्चीचा जिना दोन-दोन पायऱ्या टाकत चढते, मग उकिडवी बसते. बसले आणि मागे टर्रकन आवाज झाला. उलटी करून पाहिली तर मियानी नव्हतीच. चारही शिवणी सरळ एका बिंदूवर आणून जोडलेल्या. दुसरी पाहिली, तिसरी पाहिली, सगळ्या तशाच. त्या माणसाला फोन केला तर म्हणाला, ‘ताई, वेळ वाचवला तुमचा. बायकांच्या पँटला एवढं कोण बघतं?’

धाकट्याला त्या दिवशी ताप होता. नवऱ्याची सेकंड शिफ्ट. आणि नेमके दुपारी भावजी, म्हणजे तेच मोठे दीर, आंब्यांची पेटी घेऊन आले. हॉलभर पँट पसरलेल्या, मी मांडीवर मुलाला घेऊन ब्लेडने शिवण उसवतेय. त्यांनी काय झालं ते विचारलं आणि शांतपणे म्हणाले, ‘पाठवून दे. दहातल्या दोन फाटतील. त्या बदलून दे. माल दाराबाहेर गेला की निम्मं काम झालं.’ त्यांचा जन्म काउंटरवर गेलाय, वाईट हेतूने नाही म्हणाले. पण मी म्हटलं, ‘भावजी, तुमचं गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी पँट घेऊन दुकानात येतं. माझं गिऱ्हाईक तेव्हा कड्यावर असेल, पावसात, आजूबाजूला पुरुष मंडळीही असतील. तिची पँट तिथे फाटली तर बदलून काय देऊ?’ त्यावर ते म्हणाले, ‘म्हणून म्हणतो, हा छंद आहे. धंद्यात एवढं मनाला लावून घेत नाहीत.’

हे वाक्य मला अजून लागतं. मनाला लावून घेतलं म्हणूनच तो धंदा राहिला.

सासूबाईंनी चष्मा लावला आणि माझ्या हातातलं ब्लेड घेतलं. आयुष्यभर त्यांनी घरचे कपडे शिवलेत, मियानी काय असते हे त्यांना त्या जॉबवर्कवाल्यापेक्षा जास्त कळत होतं. उरलेल्या कापडातून मी तुकडे कापले. गल्लीतल्या दोघी जणींकडे मशीन होतं, एकीकडे कापडाच्या कडा उसवू नयेत म्हणून शिवायचं ओव्हरलॉकही होतं. त्यांना नगावर पैसे ठरवून बोलावलं. ‘शेजारधर्म म्हणून’ फुकट काम करून घेऊ नका, हे इथेच सांगते. बायकांचं शिवणकाम फुकटचं असतं ही समजूत आपणच मोडायची आहे. नवरा रात्री शिफ्टवरून आला तो इस्त्रीला उभा राहिला. मुलगी पाकिटांवर साइजचे स्टिकर लावत होती. बुधवारी पार्सल गेलं. त्या ग्रुपकडून आजही ऑर्डरी येतात, आणि गल्लीतल्या त्या दोघी आता कायम माझंच काम करतात. जॉबवर्क मी बाहेर देणं बंद केलं.

भावजींना वाटतं घरातून खरे ब्रँड उभे राहत नाहीत. त्यांना मी अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या गर्ट बॉयल यांचं उदाहरण देते. ‘कोलंबिया’ नावाची बाहेर फिरायच्या कपड्यांची कंपनी. १९६० मध्ये गर्टबाईंनी मासेमारी करणाऱ्यांसाठी भरपूर खिशांचं जाकीट तयार केलं. १९७० मध्ये नवरा हार्ट अटॅकने गेला, पदरात तीन मुलं, कंपनी कर्जात. त्यांनी कॉलेजातल्या मुलाला हाताशी धरून ती सावरली आणि २०१९ मध्ये ९५व्या वर्षी वारल्या तोवर त्या कंपनीच्या अध्यक्ष होत्या. त्यांना वडिलांची कंपनी आयती मिळाली होती, हे खरं. पण पडझड झालेली कंपनी मुलांना वाढवत उभी करणं म्हणजे छंद नव्हे.

आता भांडवल. एक आकडा सांगण्यात अर्थ नाही, पैसा कुठे अडकतो ते सांगते. दोन प्रकार, तीन रंग, पाच साइज घेतलेत की तीस वेगवेगळे गठ्ठे झाले. प्रत्येकी दहा नग धरले तरी ३०० कपडे, आणि त्यातले एम आणि एल आधी संपून टोकाचे साइज कपाटात राहतात. एकच पँट, काळा आणि ऑलिव्ह असे दोन रंग, पाच साइज घेतले तर १०० नगांत भागतं. मी तसंच केलं. एक-रंगी थान घेण्याआधी मीटरभर कापड घरी आणून मशीनमध्ये धुवा, कडक उन्हात वाळवा, आटलं किती आणि ताणल्यावर परत जागेवर येतं का ते बघा. व्यापारी ‘फोर-वे’ म्हणजे उभं-आडवं दोन्हीकडे ताणणारं म्हणून देतो ते कापड पुष्कळदा आडवंच ताणतं.

पावसाळी जॅकेटपासून सुरुवात करू नका. कापडातून पाणी आलं नाही तरी सुईच्या भोकांतून येतं. त्यासाठी शिवणींवर आतून टेप लावावी लागते, तिचं गरम हवेचं मशीन वेगळं असतं. टेप नसलेल्या जॅकेटला ‘वॉटरप्रूफ’ लिहून विकणं म्हणजे फसवणूक. शिवाय कुरिअर. बहुतेक कुरिअरवाले वजनाबरोबर आकारमानही धरतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून भागिले ५०००. ३० बाय २५ बाय ८ चं जॅकेटचं पाकीट काट्यावर ४०० ग्रॅम भरलं तरी बिल निदान १.२ किलोचं येतं. पँटची चपटी घडी अर्ध्या किलोत बसते.

कॅश ऑन डिलिव्हरी मी ठेवलेली नाही. पार्सल दारातून परत आलं की जायचं-यायचं दोन्ही भाडं आपल्या माथी, आणि माल ऐन सीझनमध्ये प्रवासात अडकलेला. ऑर्डरी कमी येतात, मान्य. त्याऐवजी साइज बदलून देते, आणि वेबसाइटवर एस, एम लिहून सोडत नाही. कंबर, सीट, मांडी, आतली लांबी, सगळी मापं इंचांत, आणि टेप कुठून कुठे धरायची त्याचा फोटो.

जीएसटीचं विसरू नका. राज्याबाहेर एक जरी पँट विकायची तर उलाढाल कितीही असो, नोंदणी लागते. कपड्यांवरच्या कराचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून असा: नगाची किंमत २५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के, त्याहून जास्त असेल तर १८. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, फुकट होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. आणि चालू खातं वेगळं उघडा, घरखर्चाच्या खात्यात धंद्याचा एकही रुपया यायला नको.

माझं सगळंच तुम्हाला लागू पडेल असं नाही. माझ्या घरी सासूबाई धडधाकट आहेत, नवऱ्याचा पगार चालू आहे, त्यामुळे पहिली काही वर्षं मी दुकानातून घरात पैसे आणले नाहीत तरी चूल थांबली नाही. तुमचं घर तुमच्याच कमाईवर चालत असेल तर नोकरी सोडून यात पडू नका. मूल तान्हं असेल तर वर्षभर थांबा, तोवर कापडं आणि मापं यांचाच अभ्यास करा.

राहिली नातेवाईक मंडळी. लग्नात, बारशात कुणीतरी म्हणणारच, ‘आम्हालाही दे की एखादी, घरचंच तर आहे.’ मी लिंक पाठवते. भावजींनी त्यांच्या मुलीसाठी मागितली तेव्हाही पाठवली, आणि ते म्हणाले, ‘घरातल्या माणसाला बिल?’ मी विचारलं, तुमच्या दुकानातून मुलांचे युनिफॉर्म नेले तेव्हा मी पैसे मोजले होते ना? तुम्हीही बिल द्या, पहिल्या दिवसापासून. कापड, शिलाई, चेन, पाकीट, कुरिअर आणि कर जाऊन नगामागे जे उरतं तोच तुमचा पगार, आणि फुकट दिलेल्या एका पँटचा खर्च भरून काढायला पुढच्या तीन-चार विकाव्या लागतात.