मोटर ड्राइव्हवर घेतल्यापासून एनकोडरचे काउंट चुकतात. नवीन अर्थिंग पिट मारल्याने नॉइज जाईल का?

तुमची अडचण मला समजली ती अशी: शीट कापायच्या मशीनची ५ एचपीची मोटर आधी साध्या स्टार्टरवर होती, तेव्हा सगळं सुरळीत चालायचं. व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) बसवल्यापासून एनकोडरचे (फिरण्यावरून लांबी मोजायला पल्स देणाऱ्या सेन्सरचे) काउंट चुकून शीटची लांबी चुकते, प्रॉक्सीचा (धातू जवळ आला की ओळखणाऱ्या सेन्सरचा) दिवा मध्येच लुकलुकतो, आणि वायरमन म्हणतो अर्थिंग खराब आहे, नवीन पिट मारा.

एवढ्यासाठी पिट मारू नका. माणसाच्या सुरक्षिततेसाठी अर्थिंग हवंच, आयएस ३०४३ प्रमाणे ते तपासून घ्या आणि कमी पडत असेल तर जरूर सुधारा. पण ड्राइव्हचा नॉइज (सिग्नलमध्ये घुसणारे विजेचे नको असलेले झटके) जमिनीत जाऊन मुरत नाही. तो ड्राइव्हमधून निघतो आणि त्याला ड्राइव्हमध्येच परत यायचं असतं. परतीची जवळची आणि रुंद वाट दिली नाहीत, तर तो तुमच्या एनकोडरच्या वायरमधून येतो. पुढचं सगळं ही वाट करून देण्याबद्दलच आहे.

ड्राइव्ह ४१५ व्होल्ट एसीचं साधारण ५८० व्होल्ट डीसी करतो आणि ते सेकंदाला काही हजार वेळा तोडून मोटरला देतो. प्रत्येक वेळी व्होल्टेज शून्यावरून वर जायला मायक्रोसेकंदाचा दहावा भाग, कधी त्याहूनही कमी वेळ लागतो. केबलच्या कोअर आणि अर्थ, मोटरचं वाइंडिंग आणि बॉडी यांच्यामध्ये आपोआपच छोटे कपॅसिटर तयार झालेले असतात. दर झटक्याला त्यांतून करंटची एक सुई बॉडीवर येते. तीन मीटर हिरवी वायर मल्टिमीटरवर जवळजवळ शून्य ओहम दाखवते, ते खरंच आहे. पण वायरचं इंडक्टन्स मीटरला साधारण १ मायक्रोहेन्री धरा. १० मेगाहर्ट्झला त्याच तीन मीटरचा अडथळा १९० ओहमच्या आसपास जातो. मीटरवर चांगलं दिसणारं अर्थिंग नॉइजसाठी निरुपयोगी ठरतं ते यामुळे.

खर्च करण्याआधी नॉइजच आहे ना याची खात्री करा. रोलरचा पट्टा काढा, रोलर हलणार नाही असं बघा आणि मोटर नुसतीच ड्राइव्हवर चालवा. एनकोडर फिरत नाही, म्हणजे एचएमआयवरचा (मशीनच्या स्क्रीनवरचा) काउंट एकानेही हलायला नको. हलला तर नॉइज नक्की. मग ड्राइव्हची कॅरियर फ्रिक्वेन्सी (सेकंदाला किती वेळा व्होल्टेज तोडतो ते) ८ किलोहर्ट्झ असेल तर २ किंवा ४ वर आणा. काउंट चढायचा वेग कमी झाला तर उगमही सापडला. (मोटर जास्त किणकिणेल, तेवढं चालतं.) काउंट अजिबात हलला नाही, तर मात्र कपलिंगचा ग्रब स्क्रू आणि मेजरिंग व्हील (शीटवर फिरून एनकोडर फिरवणारं चाक) घसरतंय का ते आधी बघा. लांबीसुद्धा बरंच सांगते: नॉइज पल्स वाढवतो, म्हणून शीट आखूड येते, मेजरिंग व्हील घसरलं की पल्स कमी पडतात आणि शीट लांब येते.

आता मोटरची केबल. माझ्या मते निम्मं काम इथेच होतं. साधी चार कोअर फ्लेक्झिबल पीव्हीसी पाइपातून नेलेली असेल, तर ती काढून शिल्डेड (धातूच्या जाळीचं आवरण असलेली) केबल टाका. बजेट नसेल तर आर्मर्ड टाका. तांब्याच्या जाळीइतकी चांगली नाही, पण साध्या केबलपेक्षा पुष्कळ बरी. शिल्ड दोन्ही टोकांना जोडायचं, ड्राइव्हकडे आणि मोटरकडेही. आणि कसं जोडता हे फार महत्त्वाचं आहे. बहुतेक पॅनेलमध्ये मला दिसतं ते असं: जाळी सोडवून, पिळून तिची वीतभर शेपटी करतात, थिंबल मारतात आणि अर्थ बारवर कसतात. दहा सेंटिमीटरची अशी शेपटी १० मेगाहर्ट्झला सहा ओहमच्या वर जाते, म्हणजे चांगल्या केबलचे पैसे वाया. त्याऐवजी बाहेरचं आवरण तीनएक सेंटिमीटर सोला, जाळी न विसकटता उघडी ठेवा आणि तिच्याभोवती पूर्ण गोल बसणारा धातूचा क्लॅम्प थेट बॅक प्लेटवर कसा. तिथला पावडर कोटिंगचा थर खरवडून चकचकीत पत्रा काढा. रंगावर कसलेला क्लॅम्प असून नसल्यासारखा. मोटरकडे धातूचा ईएमसी ग्लँड (शिल्डला चहूबाजूंनी पकडणारा) वापरा, टर्मिनल बॉक्सचा रंग तिथेही खरवडा. शिल्ड जोडलं म्हणून हिरवी वायर काढायची नाही. नॉइज जावा म्हणून मशीनचं अर्थ सोडून ठेवणारे लोक आहेत; ते कुणाच्या तरी जिवावर बेतेल, तसलं कधीही करू नका.

पॅनेलमध्ये ड्राइव्ह, लाइन फिल्टर (ड्राइव्हच्या सप्लायकडचा नॉइज अडवणारा) आणि क्लॅम्प एकाच उघड्या पत्र्यावर असावेत. पुढचं पॅनेल बनवून घ्याल तेव्हा बॅक प्लेट गॅल्वनाइज्ड मागा. फिल्टर ड्राइव्हला अगदी चिकटून हवा, आणि त्याच्या आत जाणाऱ्या व बाहेर येणाऱ्या वायर एका डक्टमधून नेऊ नका. तसं केलंत तर नॉइज फिल्टरला वळसा घालून पलीकडे जातो. मोटर केबल आणि सिग्नल केबल यांच्यात निदान २० ते ३० सेंटिमीटर अंतर ठेवा, ओलांडायची वेळ आली तर काटकोनात ओलांडा. केबल ट्रेमध्ये कुठे जास्त नॉइज आहे ते शोधायला बॅटरीवरचा मीडियम वेव्ह रेडिओ छान कामाला येतो. स्टेशन नसलेल्या जागी लावा आणि ट्रेच्या कडेने फिरवत न्या. जिथे खरखर वाढते तिथे बारकाईने बघा.

तरीही एनकोडर स्वतः कच्चा असेल तर बाहेरून कितीही बंदोबस्त केला तरी त्रास राहतो. ओपन कलेक्टर आउटपुटला वरची बाजू फक्त पुल-अप रेझिस्टर धरून असते, ती सहज हलते. लाइन ड्रायव्हर आउटपुटचा एनकोडर ए आणि ए-बार अशा जोडीने सिग्नल देतो. ट्विस्टेड पेअरमध्ये दोन्ही वायरवर सारखाच नॉइज येतो आणि रिसीव्हर फक्त फरक वाचतो. पीएलसीला (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरला) तसा इनपुट आहे का ते मात्र आधी बघा. नसेल तर निदान ए आणि बी दोन्ही चॅनेल जोडून क्वाड्रेचर मोडवर (दोन्हींच्या क्रमावरून दिशा ओळखून) मोजा. एकाच चॅनेलवर मोजताना प्रत्येक खोटी पल्स बेरजेत जाते. क्वाड्रेचरमध्ये एका चॅनेलवरचा खोटा झटका एक वाढवतो आणि लगेच एक कमी करतो.

बिनखर्चाचा एक उपाय पीएलसीच्या हाय-स्पीड काउंटरच्या इनपुट फिल्टरमध्ये आहे. समजा एक पल्स म्हणजे अर्धा मिलिमीटर आणि मशीनचा वेग मिनिटाला ६० मीटर. म्हणजे सेकंदाला २००० पल्स, प्रत्येक पल्स साधारण २५० मायक्रोसेकंद वर राहते. फिल्टर ५० मायक्रोसेकंदावर ठेवलात तर खरी पल्स आरामात जाते आणि काही मायक्रोसेकंदांचा नॉइज दारातच अडतो. फार वाढवू नका, नाहीतर पूर्ण वेगात खऱ्या पल्सही गळतील.

प्रॉक्सीचा दिवा ड्राइव्ह बंद असतानाही लुकलुकत असेल, तर संशय कॉन्टॅक्टर आणि सोलेनॉइडवर घ्या. कॉइल सुटताना काहीशे व्होल्टचा झटका मारते. २४ व्होल्ट डीसी कॉइलवर उलटा डायोड, एसी कॉइलवर तिच्या व्होल्टेजला योग्य असा आरसी सप्रेसर, दोन्ही कॉइलच्या टर्मिनलवरच लावा. डायोडमुळे कॉइल थोडी उशिरा सुटते. ब्रेक किंवा कटरच्या क्लचवर तेवढ्याने फरक पडत असेल तर तिथे टीव्हीएस किंवा व्हॅरिस्टर (झटका ठरावीक व्होल्टेजवर अडवणारे भाग) वापरा. सेन्सरचा एसएमपीएस (डीसी पॉवर सप्लाय) आणि कॉइलचा एसएमपीएस वेगळे ठेवलेले उत्तम.

ड्राइव्हच्या आउटपुटला पॉवर फॅक्टरचा कपॅसिटर किंवा इनपुटचा लाइन फिल्टर कुणी सुचवलाच, तर लावू नका, ड्राइव्ह उडेल. फेराइट रिंग चालते, पण तिन्ही फेज एकाच रिंगमधून आणि अर्थची वायर बाहेरून. पॅनेलमध्ये हात घालण्याआधी सप्लाय बंद करून ड्राइव्हवर लिहिलेला वेळ थांबा आणि डीसी बस (ड्राइव्हच्या आतलं डीसी व्होल्टेज) मीटरने मोजूनच हात लावा.

एनकोडरच्या प्लेटवरचा आउटपुट प्रकार आणि पीएलसीचं मॉडेल इथे लिहा, म्हणजे वायर नेमक्या कुठे जोडायच्या आणि फिल्टर कितीवर ठेवायचा ते सांगता येईल.