चेहरा लाल होतो म्हणून क्रीम शोधताय? आधी हे वाचा

तुम्ही लिहिलंय की मीटिंगमध्ये कुणी नुसतं नाव घेतलं तरी कान तापतात, गळ्यापासून वर लाली चढत जाते, कुणीतरी "अहो, किती लाल झालात!" म्हणतं आणि पुढचं काही ऐकूच येत नाही. वय पस्तिशीच्या पुढे, कामात कुठे कमी नाही, तरी बढती नाकारलीत, कारण त्या जागेवर दर आठवड्याला सगळ्यांसमोर बोलावं लागतं. आणि शेवटी विचारलंय की लालीवर क्रीम कोणतं चांगलं आणि ऑपरेशन करून घेतलेलं कुणी आहे का. हे वाचून राहवलं नाही. बढती नाकारण्यापर्यंत सगळं माझ्याही बाबतीत घडलेलं आहे.

दीर्घ श्वास घ्या, आत्मविश्वास वाढवा, लोकांचं एवढं लक्ष नसतं, हे सगळं तुम्ही आजवर पुष्कळ ऐकलं असणार. ते पुन्हा सांगत नाही. मी डॉक्टर नाही, स्वतः भोगलेलं आणि नंतर वाचून, विचारून समजून घेतलेलं तेवढंच लिहिते. औषधाच्या बाबतीत अंतिम शब्द तुमच्या डॉक्टरांचा. पण क्रीम आणि ऑपरेशन या दोन्हींबद्दल माझं मत ठाम आहे, आणि त्यामागे कारण आहे.

मी ज्या त्वचेच्या क्लिनिकमध्ये गेले त्याचं नाव घेत नाही. तिथे खुर्चीत बसवून चेहऱ्यावर प्रखर दिवा सोडला, दोन जण अगदी जवळून गाल न्याहाळू लागले. अशा वेळी माझा चेहरा लाल होणारच होता, तसा तो झाला, आणि त्या लालीकडे बघूनच निदान झालं: त्वचा संवेदनशील आहे. चेहरा कधी लाल होतो, कुणासमोर होतो, घरी एकटी असताना होतो का, किती मिनिटांत उतरतो, यातला एकही प्रश्न कुणी विचारला नाही. हातात एक पांढरी डबी ठेवली. तिच्यावर ना नाव होतं ना घटक. "रात्री पातळ थर लावा" एवढीच सूचना.

सुरुवातीला गाल खरोखरच फिके पडले. यातच सगळी गोम आहे. त्या डबीत स्टेरॉइड होतं, चांगलं जोरदार. स्टेरॉइड क्रीम लावलं की त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून लाली गेल्यासारखी वाटते. पण चेहऱ्याची त्वचा पातळ. महिनोन्‌महिने लावत राहिलं की ती आणखी पातळ होते, बारीक लाल शिरा वर दिसू लागतात, पुरळ येतं, आणि एखादी रात्र लावायचं राहिलं तर सकाळी चेहरा भाजल्यासारखा होतो. तो शांत करायला पुन्हा तेच क्रीम. मी हे घेऊन परत गेले तेव्हा उत्तर मिळालं, "तुमची त्वचाच तशी आहे", आणि नवी डबी. यात काय आहे ते लिहून द्या म्हटलं, तर स्वागतकक्षातून आत आणि आतून स्वागतकक्षात असं फिरवलं, आणि शेवटी "ते आमचं मिश्रण आहे, सांगता येत नाही" म्हणून वाटेला लावलं. रुग्णाच्या तोंडाला काय लावलं जातंय हे त्याला सांगायचं नाही, याचा मला आजही संताप येतो.

आधी माझा चेहरा लोकांसमोर लाल व्हायचा आणि पाच-दहा मिनिटांत उतरायचा. त्या डबीनंतर तो दिवसभर लाल राहू लागला. म्हणजे जी भीती बरीचशी मनातली होती तिला आता आरशात पुरावा मिळाला. त्वचा पुढे दुसऱ्या एका डॉक्टरांनी धीराने सावरली, पण दवाखाना या गोष्टीवरूनच मन उडालं आणि ज्या उपचाराने खरा फरक पडला तिथे मी फार उशिरा पोहोचले. क्लिनिकने माझं केलेलं मोठं नुकसान हे.

म्हणून हात जोडून सांगते, नाव आणि घटक छापलेले नसतील ते काहीही चेहऱ्याला लावू नका. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन ही स्टेरॉइडची नावं ओळखायला शिका. आणि असं काही आधीच चालू असेल तर स्वतःच्या मनाने एकदम बंदही करू नका, कारण लाली उसळून येते. नीट त्वचारोगतज्ज्ञ गाठून त्यांच्या देखरेखीखाली सोडवा.

आता ऑपरेशन. त्याच क्लिनिकने शेवटी मला सर्जनसाठी चिठ्ठी दिली होती. छातीत दुर्बीण घालून चेहऱ्याकडे जाणाऱ्या सिम्पथेटिक मज्जातंतूंची (लाली आणि घाम आणणाऱ्या नसांची) साखळी कापायची किंवा क्लिप लावून दाबायची. "छोटंसं आहे" म्हणाले. कापलेलं परत जोडता येतं का, असं विचारलं तर "लोक खूश असतात" हे उत्तर आलं. मी तिथूनच उठले. या शस्त्रक्रियेनंतर पाठ, पोट, मांड्या यांना, वरच्या भागाचा घाम थांबल्याची भरपाई म्हणून, जो घाम सुटतो तो पुष्कळांना आयुष्यभर पुरतो. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्टच म्हटलंय की सामाजिक चिंता (म्हणजे चारचौघांत लोक आपल्याला काय म्हणतील याची, आपल्याला वाटते तशी भीती) असलेल्यांना चेहऱ्याच्या लालीसाठी ही शस्त्रक्रिया देऊ नये, कारण फायद्याचा चांगला पुरावा नाही आणि अपाय होऊ शकतो. ऑपरेशन करून समाधानी असलेली माणसंही असतील, त्यांचं मी खोडून काढत नाही. पण तुम्ही अजून एकदाही नीट मानसोपचार घेतलेला नाही, हे तुमच्याच लिहिण्यावरून दिसतंय. मग थेट सुरीपर्यंत का जायचं?

एक तपासणी मात्र जरूर करा. आसपास कुणी नसतानाही लाली येत असेल, ऊन, गरम पेय, तिखट किंवा मद्याने ती वाढत असेल, गालांवर कायम राहत असेल, तर रोझेशिया हा त्वचेचा विकार असू शकतो आणि त्यावर वेगळे उपचार आहेत. रजोनिवृत्ती, थायरॉइड, रक्तदाबाच्या काही गोळ्या, नायसिन हे जीवनसत्त्व यांनीही चेहरा तापतो. लालीबरोबर जुलाब किंवा धाप लागत असेल तर फिजिशियनला दाखवायला वेळ लावू नका. तुमचं वर्णन यातलं वाटत नाही. माणसं समोर आली की होतं, एकटे असलात की नाही, हे तुम्हीच लिहिलंय.

१९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लाल होण्याची धास्ती असलेल्या आणि नसलेल्या बायकांच्या गालांची लाली यंत्राने मोजली. धास्तीवाल्यांना आपण जास्त लाल झालो असं वाटत होतं, यंत्रावर तसा फरक दिसला नाही. आतून जेवढं तापल्यासारखं वाटतं तेवढं बाहेर दिसतंच असं आपण धरून चालतो, आणि बहुतेक वेळा तिथेच हिशेब चुकतो. मला हे वाचून पटलं नव्हतं. पटलं ते थेरपीत स्वतःचं बोलतानाचं व्हिडिओ चित्रण बघितल्यावर. थेरपिस्टने आधी कागदावर लिहायला लावलं की पडद्यावर मी किती लाल दिसेन. शिवाय चित्रण आपलं नाही, अनोळखी बाईचं आहे असं समजून बघा, असंही बजावलं. पडद्यावरची बाई थोडीशी गुलाबी होती आणि ठीकठाक बोलत होती. कान तर केसांखाली दिसतही नव्हते.

डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये मांडलेल्या विवेचनात हेच सांगितलंय: चारचौघांत गेल्यावर आपलं लक्ष समोरच्या माणसावरून निघून स्वतःवर खिळतं, आतल्या धडधडीवरून आपण बाहेर कसे दिसतो याचं चित्र मनात तयार होतं, आणि ते खोटं ठरवणारी कुठलीच माहिती आत येत नाही. एकदा मीटिंगमध्ये मला "तुम्ही हे कधीपर्यंत कराल?" असं विचारलं होतं आणि मी कुणाचं नाव घ्यायचं ते सांगत बसले, कारण माझ्या कानांवर पडला होता फक्त "तुम्ही". बाकी सगळं लक्ष उजव्या गालावर.

यावर मला ज्याने हात दिला तो प्रकार सुझन ब्योगेल्स या डच मानसशास्त्रज्ञांनी खास लाल होण्याच्या भीतीसाठी रचलाय. लक्ष कामाकडे वळवण्याचा सराव. आधी भीती नसलेल्या ठिकाणी करायचा. घरच्या माणसाला दोन मिनिटं काहीतरी सांगायला लावा, एकमेकांकडे पाठ करून बसा, ऐका, मग त्यांनी काय सांगितलं ते परत सांगा. त्यानंतर अंदाज करा: किती टक्के लक्ष स्वतःवर होतं, किती बोलण्यावर, किती आजूबाजूला. मग समोरासमोर बसून तेच. मग मुद्दाम स्वतःच्या गालांचा विचार करायचा आणि तिथून लक्ष उचलून परत बोलण्यावर आणायचं. ही उचलून आणायची हालचाल कमवायची असते. चालताना आवाज, रंग, वास यांवर एकेक करून लक्ष ठेवायचं. हे हाताशी आलं की सोप्यापासून अवघड प्रसंगांची यादी करून एकेक घ्यायचा. लाली येईल, ती येऊ द्यायची, आणि विचारलेला प्रश्न काय आहे ते ऐकायचं. काही दिवस अगदी निरर्थक वाटतं. सोडू नका.

कुणी तुम्हाला "सरळ गर्दीत उडी मारा, भीती जाईल" म्हणेल. मला हे मान्य नाही. लक्ष स्वतःवरच खिळलेलं असताना किती जरी मीटिंगा केल्या तरी माणूस त्याच भीतीची उजळणी करून घरी येतो.

दुसरं म्हणजे लपवायच्या युक्त्या. गालावर हात, केस पुढे, उन्हाळ्यातही गळ्याभोवती स्कार्फ, कॅमेरा बंद, "इथे उकडतंय नाही?" ही सबब. हिरवट कन्सीलर लाली झाकतो हे खरं, लग्नकार्यात लावायला माझी हरकत नाही. पण रोज लावलात तर त्या दिवशी काही बिघडलं नाही याचं श्रेय कन्सीलरलाच जाईल. एका वेळी एक युक्ती सोडून बघा आणि आधी लिहून ठेवा की काय वाईट होईल असं वाटतंय. धीर यावा म्हणून मद्य तर नकोच, त्याने रक्तवाहिन्या पसरून चेहरा आणखी लाल होतो.

कुणी टोकलं तर? "हो, माझा चेहरा पटकन लाल होतो. तर मुद्दा असा की..." एवढं म्हणून पुढे जा. सारवासारव नको. आणि लाल झालेल्या माणसाकडे लोक वाईट नजरेनेच बघतात असंही नाही. २००९ च्या एका अभ्यासात, काही गडबड झाल्यावर चेहरा लाल झालेल्या व्यक्तींबद्दल बघणाऱ्यांचं मत लाल न झालेल्यांपेक्षा बरं आढळलं. मीटिंगनंतर रात्री प्रत्येक वाक्याचा रवंथ करायची सवय असेल तर ती मात्र निष्ठुरपणे मोडा. माझी तीच सगळ्यात चिवट निघाली, अजून अधूनमधून डोकं वर काढते.

गोळ्यांबद्दल थोडक्यात. प्रोप्रानोलॉल एखाद्या भाषणापुरती देतात, धडधड आणि कापरं त्याने कमी होतं, लालीवर त्याचा भरवसा धरू नका, आणि दमा असेल तर ती घ्यायचीच नाही. एसिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन यांसारख्या चिंतेवरच्या रोजच्या गोळ्यांचा पुष्कळांना उपयोग होतो, पण काही आठवडे थांबावं लागतं आणि मनाने बंद करता येत नाहीत. मी आधी थेरपी घेतली, तुमच्या बाबतीत क्रम उलटा असू शकतो. थेरपिस्ट निवडताना सरळ विचारा की सामाजिक चिंतेसाठी सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी थेरपी) करता का, चित्रण आणि प्रत्यक्ष प्रयोग त्यात असतात का. नुसत्या गप्पा आणि धीर देणं असेल तर दुसरं दार ठोठावा.

आणि पहिल्याच भेटीत चेहरा लाल होऊन शब्द फुटणार नाहीत याची भीती असेल तर घरूनच चिठ्ठी लिहून न्या आणि आत गेल्यावर पुढे सरकवा: "माणसांसमोर माझा चेहरा लाल होतो. एकट्याने असताना होत नाही. त्यामुळे मी मीटिंगा टाळतो, बढती नाकारली. मला लाल दिसण्याची भीती वाटते, त्या भीतीवर उपचार हवेत." मी असंच केलं होतं. डॉक्टरांनी ती चिठ्ठी शांतपणे वाचली आणि पहिला प्रश्न विचारला, "कुणासमोर जास्त होतं?"